पाळण्याची उलटी वाट

तोशबुलाक, ९ जुलै

सूनबाई मुहय्यो हिला मामातकुलचा अस्सलाम आलेकुम.

पत्राला फार उशीर झाला, मुली, मनात काही धरू नकोस. रोज संध्याकाळी कागद काढून बसत होतो आणि सलामाच्या पुढे जात नव्हतो. आपल्या घरातली पत्रं तुझी सासूच सांगायची, मी नुसती लिहून काढायचो. उगिलोय गेल्यापासून सांगणारं कोणी उरलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं तू समजून घे.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे कोंबड्या ठीक आहेत. गाय शेजाऱ्यांकडे दिली आहे, मला धार काढता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझी खोली झाडून घेतो. गाद्यांच्या चवडीवर चादर टाकली आहे.

ओयदिन कशी आहे? बाळंतपणाचा चाळिसावा दिवस सरल्यावर तुझे वडील तुला न्यायला आले, तेव्हा ती माझ्या टोपीएवढी होती. आता मोठी झाली असेल. उन्हात बाहेर काढू नका. माशा फार झाल्यात यंदा. तुती देऊ नका, अजून लहान आहे. देत नसालच, पण मला आपलं रात्री आठवतं आणि झोप लागत नाही.

तुला आणायला यायचं ते माझ्याच्यानं झालं नाही, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही बसने वर पोचलात आणि पाठोपाठ चिखलाचा लोंढा येऊन रस्ता घेऊन गेला. कचेरीतला माणूस म्हणतो, यंत्र येतंय. जूनमध्येही हेच म्हणत होता. रस्ता झाला की पहिल्या बसने मी आलोच म्हणून समज.

तसा गेल्या शुक्रवारी जंगलातल्या पायवाटेने निघालो होतो. नान बांधून घेतले होते, विहीणबाईंसाठी रुमालही घेतला होता. अक्रोडांखालून चालताना बरं वाटलं, सावली अशी की सदरा अंगाला चिकटत नाही. यंदा फळ चांगलं धरलंय. पण धबधब्याशी पोचेपर्यंत दिवस कलला. म्हणून पूल न ओलांडता परत फिरलो. अंधारात लोकांच्या दारात जाणं बरं दिसत नाही.

शोकिरचं रशियातून पत्र आलं का? मला नाही आलं. हे पत्र तुमच्या गावच्या नोरबुवीकडे देतो आहे. शुक्रवारच्या बाजाराला ती खाली येते, तिच्याच हाती उत्तर दे.

मामातकुल

•

उचचिनार, १८ जुलै

दादांना मुहय्योचा सलाम.

तुमचं पत्र नोरबुवी खालांनी दिलं तेव्हा मी दूध तापवत होते. वाचेपर्यंत ते उतू गेलं आणि आईची बोलणी खाल्ली. तरी तिलाच आधी वाचून दाखवायला लावलं तिने, आणि दोनदा.

ओयदिन छान आहे. कुशीवर वळायला शिकली आणि परत उताणं कसं व्हायचं ते कळेना, म्हणून रडते. तुती दिलेली नाही. तुमच्या टोपीत आता तिचा एक पायही मावायचा नाही.

दादा, खाला म्हणत होत्या की त्या शुक्रवारी त्यांनी तुम्हाला पुलापाशी पाहिलं, आणि तेव्हा दुपारचं जेवण व्हायचं होतं. त्यांना नीट दिसलं नसेल. डोंगरात दिवस लवकर कलतो खरा. पुलाची काळजी असेल तर काही भीती नाही. माझ्या भावाने वसंतात नव्या फळ्या टाकल्यात, बायका सरपणाचे भारे घेऊन जातात-येतात.

मी स्वतः उतरून आले असते. वाट कितीशी आहे? पण तुम्हाला माहीतच आहे. सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकुरवाळी निघाली तर लोक म्हणणार, हिला कुणी विचारलं नाही म्हणून आपणच गाठोडं उचललं. माझं काही नाही, आईला लोकांत बसावं लागतं. दर शुक्रवारी ती पीठ जास्त मळते आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना नान वाटून टाकते.

बाळ अजून जमिनीवरच निजतं. परवा मुंग्या चढल्या होत्या. पाळण्याचं काय ते तुमच्यावर आहे, दादा. मी जास्त लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल.

शोकिरजानचं पत्र मलाही नाही. बाजारात हमाली मिळाली आहे एवढं कळलं होतं.

उगिलोय ओयींच्या कबरीवर पाणी शिंपडत जा. मी असते तर मीच केलं असतं.

मुहय्यो

•

तोशबुलाक, २ ऑगस्ट

मुहय्यो मुली,

तुझं पत्र वाचलं आणि मुंग्यांचं वाचून उठून बसलो. आधी का नाही सांगितलंस? लेकरू जमिनीवर निजतं आणि इथे माळ्यावर पाळणा धूळ खातोय. शोकिर त्यातच वाढला. त्याच्या आधीची दोघं, जी राहिली नाहीत, तीही त्यातच होती, पण ते जाऊ दे.

पाळणा खाली काढला. एक पाय किड्याने खाल्ला होता, तो तुतीच्या लाकडाचा नवा बसवला. वरच्या दांडीला लाल रंग दिला आणि पिवळी फुलं काढली. फुलं नीट जमली नाहीत, कोंबडीचे पाय वाटतात, पण लेकराला काय कळतंय. बांधायच्या पट्ट्या धुतल्या. उगिलोयने जपून ठेवल्या होत्या, मला त्या कापूरगोळ्यांच्या वासावरून सापडल्या.

आज तो नोरबुवीच्या गाढवावर बांधून दिला. मीही बरोबर पुलापर्यंत आलो. गाढव कान हलवत पुढे, मागे नोरबुवी, मागे मी. वाटेवर जंगली सफरचंदं पडली आहेत, आंबट, पण गाढवाला चालतात. धबधब्याचा आवाज ऐकू यायला लागला तसं गाढव अडून बसलं. ते नेहमीच तिथे अडतं म्हणे. त्याला अलीकडे बांधून ठेवायचं आणि ओझं पाठीवर घेऊन पूल ओलांडायचा, ही तिची रीत.

पाळणा पाठीवर घेताना ती मला म्हणाली, “आका, हा वर पाठवताय?”

“हो,” मी म्हणालो.

“विचार करून पाठवताय ना?”

“रंग कालच वाळलाय. तुझ्या शालीला लागायचा नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाळणा पाठीला आवळला आणि गेली. ती मधोमध पोचेपर्यंत मी पाहत होतो. पूल असा हलतो की इकडच्या खुंटाला टेकलेल्या माणसालाही कळतं. खालून तुषार येतात, फळ्या सगळ्या ओल्या. एवढ्या वयाची बाई, पण थांबली नाही. मी पलीकडे आलो असतो, पण गुडघा धरला होता.

पाळण्यात बांधताना फार आवळू नका. काय काय लागेल ते कळव, मी पाठवतो.

मामातकुल

•

तोशबुलाक, २३ ऑगस्ट

मुहय्यो,

तीन बाजार झाले, तुझं पत्र नाही. नोरबुवीला विचारलं तर म्हणते, “लिहायचं असेल तर लिहील.” मला मधही विकला नाही तिने, संपला म्हणाली, आणि मागे बरणी भरलेली दिसत होती.

ओयदिनला बरं नाही का? बरं नसेल तर लपवू नकोस. पाळण्याचा पाय तर मोडला नाही? मी दोन खिळे जास्त मारायला हवे होते, त्या दिवशीच मनात आलं होतं. पाळणा मोडून लेकराला लागलं असेल तर ते तरी सांग. मी रोज काहीतरी नवीन मनात आणतो आणि सकाळपर्यंत ते खरं वाटायला लागतं.

एवढंच लिही की बरी आहे.

मामातकुल

•

उचचिनार, ५ सप्टेंबर

मामातकुल-दादांना सलाम.

पाळणा पोचला. मोडला नाही. ओयदिनची तब्येत चांगली आहे.

खालांनी तो अंगणात उतरवला तेव्हा शेजारच्या बायका लोकर पिंजायला बसल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं. आईने त्यांना चहा दिला, तो त्यांनी घाईघाईने घेतला आणि त्या उठून गेल्या. आईने उन्हाळाभर आपल्या हाताने जे शिवलं होतं ते सगळं तिने पेटीत टाकून कुलूप लावलं.

तुमचा निरोप कळला. वडिलांनीही वाईट मानलेलं नाही, ते म्हणाले, मुलगी झाली, त्यांना नको असेल तर आपल्याकडे दोन घास जास्त आहेत. मी शोकिरजानला तसं कळवलं आहे.

माझ्या खोलीतल्या उशा एकदा उन्हात घालाव्यात. शिवणयंत्र कुणाला द्यायचं असेल तर द्या.

मुहय्यो

•

तोशबुलाक, १५ सप्टेंबर

मुहय्यो मुली,

तुझं पत्र मी वाचलं, परत वाचलं, आणि मला त्यातला निरोपच सापडेना. मी कसला निरोप पाठवला? कुणाला नकोशी झाली मुलगी? शेवटी शुक्रवारी बाजारात नोरबुवीसमोर जाऊन उभा राहिलो. ती कुरुताच्या, सुकवलेल्या दह्याच्या, गोळ्या मांडत होती. मी म्हणालो, “आज काही घ्यायला नाही आलो. मी काय केलंय ते सांग.”

“बाजूला व्हा, आका. गिऱ्हाईक दिसत नाही मला.”

“नाही होत.”

मग तिने हात पुसले. “तुमच्याकडे पहिलं लेकरू झालं तेव्हा पाळणा कुणी आणला होता?”

“उगिलोयच्या आईने. ढोलवाले घेऊन आली होती. माझे बूट चोरीला गेले त्या गर्दीत.”

“बुटांचं विचारलं नाही मी. कुठून आणला?”

“तिच्या घरून.”

“आणि कुठे आला?”

“आमच्या घरी.”

“मग आता तुम्ही कुठून कुठे पाठवलात?”

मी तिथेच तिच्या पोत्यावर बसलो. कुरूत भरलेलं होतं, तरी तिने उठवलं नाही. मग म्हणाली, “आजोळने पाळणा आणायचा म्हणजे लेकरू बापाच्या घरचं झालं. बापाच्या घरून पाळणा आजोळी गेला म्हणजे काय झालं? तुमचं तुम्हीच ठेवा, असं झालं. खोसियतने, तुमच्या विहिणीने, पाळणा रंगवून घेतला होता, झालरी शिवल्या होत्या. तुम्ही बोलावण्याची वाट बघत होती ती. उगिलोय गेल्याचं सुतक आहे म्हणून आपण होऊन बोलायचं नाही, एवढं तिने पाळलं. आणि तुम्ही गाढवावर घालून उत्तर पाठवलंत.”

“तू त्या दिवशी का नाही तोंड उघडलंस?”

“विचारलं ना मी, विचार करून पाठवताय ना म्हणून. तुम्ही म्हणालात, रंग वाळलाय.”

आजूबाजूचे हसले. हसू दे.

मुली, मला कुठलं हे माहीत असणार? पाळणा, पट्ट्या, कुणी कुणाकडे काय न्यायचं, हे सगळं तुझी सासू बघायची. मी घोड्यांमध्ये जन्म काढला. तू लिहिलंस पाळण्याचं माझ्यावर आहे. मला वाटलं, पाळणा मागते आहेस. मुंग्यांचं वाचलं आणि पुढचं काही सुचलंच नाही.

आणि दुसरं. त्या दिवशी दिवस कललेला नव्हता. गुडघाही दुखत नव्हता. मला तो पूल ओलांडता येत नाही. खाली पाणी पडताना दिसलं की पायांतलं बळ जातं आणि वाटतं पूल नाही, मीच खाली चाललो आहे. उगिलोयला माहीत होतं. तिच्या माहेरच्या कुठल्या लग्नाला तिकडे जायचं असलं की ती एकटी जायची आणि लोकांना सांगायची, ह्यांना घोड्यांना सोडून येता आलं नाही. सुनेला हे कसं सांगायचं म्हणून रस्त्याच्या नावावर ढकलत राहिलो.

आता लोक अक्रोडांना निघालेत. आम्हीही उद्या जंगलात जातो, शेजाऱ्यांच्या तंबूशेजारी माझा तंबू. यंदा झाडावर चढायला शोकिर नाही, म्हणून हलवून देणारा माणूस मिळेल तेव्हा मिळेल. तेवढं आटोपलं की मी येतो. रस्ता झाला तर रस्त्याने, नाही तर पुलावरून. तुझ्या आईला हे वाचून दाखव. पुलाचं नको दाखवूस. नाही, तेही दाखव.

मामातकुल

•

उचचिनार, २ ऑक्टोबर

दादा,

तुमचं पत्र सरपणाला गेलेल्या बायकांच्या हाती उशिरा मिळालं. तुमच्याकडे सगळे जंगलात, बाजार भरत नाही, म्हणून खालांनाही खाली फेरी नव्हती. मी ते आईला वाचून दाखवलं. पुलाचंही दाखवलं. ती आधी हसली आणि मग चुलीकडे वळून लाकडं सारत बसली. म्हणाली, “लिहायला सोपं असतं. आले तर मानेन.”

मला तुमचं सगळं खरं वाटलं. त्या कोंबडीच्या पायांवरूनच मला आधी कळायला हवं होतं. ज्याला नको असतं तो फुलं काढत नाही. पण तेव्हा रागात होते.

आता नीट वाचा. रागात होते तेव्हा मी शोकिरजानला लिहिलं होतं, की तुझ्या घराने आम्हाला सोडलं. त्याने तालुक्याच्या टपालात फोन केला. म्हणतो, इकडे रशियात समाऱ्याला ये, शिवणकामाच्या कारखान्यात जागा आहे. एका खोलीत आठ माणसं राहतात, लेकरू आणू नकोस. रस्ता परवा सुरू झाला. पहिला ट्रक शनिवारी पहाटे निघतोय, वडिलांनी त्यात माझी जागा सांगितली आहे. आईने ओयदिनला वाटीने गाईचं दूध पाजायला सुरुवात केली आहे. ती तोंड फिरवते.

मला जायचं नाही, दादा. पण माहेरात किती दिवस बसू? सासर असलेली बाई नवऱ्याकडे नाही तर सासरी असावी लागते. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दारात आलात, तर मी गाठोडं तुमच्या मागे उचलीन आणि शोकिरजानला कळवीन की मी तोशबुलाकला माझ्या घरी आहे, तू ये. वडीलही तेव्हा काही म्हणणार नाहीत. हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

खालांना त्याआधी निघता येत नाही, हे पत्र घेऊन त्या शुक्रवारी सकाळी उतरतील. तुम्ही लगेच निघालात तर जमेल.

मुहय्यो

•

तोशबुलाक, २७ ऑक्टोबर

मुहय्यो मुली,

तुझा समाऱ्याचा पत्ता तुझ्या वडिलांनी दिला. अक्षरं रशियन आहेत, मी बघून बघून उतरवली आहेत. हे पत्र तुला मिळेल की आणखी कुणा मुहय्योला, ही काळजी आहेच.

तुझं पत्र नोरबुवी शुक्रवारी घेऊन उतरली. बाजारात कुणी नव्हतं, घराला कुलूप. ती माझ्या तंबूचा पत्ता विचारत जंगलात फिरली. अक्रोडांच्या दिवसांत कोण कुठल्या झाडाखाली आहे हे कुणाला सांगता येतंय? एकाने तिला नाल्याकडे पाठवलं, दुसऱ्याने वरच्या पठारावर. रात्र तिने कुणा ओळखीच्यांच्या तंबूत काढली. शनिवारी सकाळी मी शेकोटीवर किटली ठेवत होतो तेव्हा ती आली. तिच्यावर राग धरू नकोस. तिचे पाय सुजले होते.

मी पत्र उभ्यानेच वाचलं. म्हणालो, “पहाटेचा ट्रक गेला असेल.”

ती म्हणाली, “ट्रक वेळेवर सुटलेला मी जन्मात पाहिला नाही. चला.”

अक्रोड तसेच पडू दिले. शेजाऱ्यांना म्हणालो, उचला, अर्धे तुमचे. जंगलातून आम्ही भरभर चालत होतो. सगळीकडे माणसं, झाडावर पोरं, खाली बायका टोपल्या घेऊन, वरून अक्रोड टपटपताहेत, आणि जो तो विचारतो, “कुठे निघालात, आका? काही झालं का?” एरवी मी थांबून सगळं सांगत बसलो असतो. त्या दिवशी नुसता हात हलवला. तंबू मागे पडले, तसा चालण्याचाच आवाज राहिला. मग त्यात धबधब्याचा मिसळला.

पाऊस झाला होता, पाणी मातकट आणि मोठं होतं. पुलाशी आलो आणि माझे पाय आपोआप त्या खुंटापाशी थांबले, जिथे मी नेहमी थांबतो. नोरबुवी पुढे गेली आणि मागे वळली.

“डोळे मिटू नका, आका,” ती म्हणाली. “मिटून पडलात तर कुठे पडलात हेही कळायचं नाही.”

दोन्ही हातांनी तारा धरल्या आणि तिच्या शालीवर जे ठिगळ आहे, निळं, त्याच्याकडे बघत चाललो. मधोमध पोचल्यावर पाय थांबले. पुढे होईना, मागे होईना. तुषारांनी विजार गुडघ्यापर्यंत भिजली. तिने पलीकडून ओरडून विचारलं, “इथेच उभं राहायचं ठरवलंय का? नमाजाला अजून वेळ आहे.” मला हसू आलं, आणि हसताना पाय एकदम सुटला. मग मी चार पायांवर गेलो. घोड्यासारखा नाही, म्हाताऱ्या बोकडासारखा. पलीकडच्या मातीवर हात टेकले तेव्हा वाटलं, एवढंच होतं हे, आणि उगिलोयला ते सांगावंसं वाटलं.

तुझ्या दारात पोचलो तेव्हा तुझी आई अंगणात ओयदिनचे कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिने हातातला कपडा तसाच धरला.

“या, व्याही. रस्ता सुरू झाल्यावर आलात.”

“रस्त्याने नाही आलो. पुलावरून आलो.”

तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “पहाटेच गेली. तिचे वडील पोचवायला गेलेत. काल दिवेलागणीपर्यंत फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, आत ये, वारा लागेल. नाही आली.”

ट्रक त्या दिवशी वेळेवर सुटला होता, मुली.

मी सगळं सांगितलं, पत्र कधी मिळालं तेही. नोरबुवीने साक्ष दिली. तुझ्या आईने चहा केला, नान मोडला. पण ओयदिन आतून रडली आणि मी उठलो, तशी तुझी आई दारात आडवी आली. “लेकरू न्यायला आला असाल तर आधीच सांगते, देणार नाही. तुम्हीच पाळणा पाठवला होतात.”

“न्यायला नाही आलो. मला तर तिला धरता येतं की नाही हेही ठाऊक नाही. सून न्यायला आलो होतो.”

तिने ओयदिनला उंबऱ्यापर्यंत आणलं. तुझं नाक आहे, शोकिरचं कपाळ. मी हात पुढे केले आणि तुझी आई म्हणाली, “आधी हात धुवा.” मी धुतले, राख लावून, वाळू लावून. अक्रोडाच्या सालीचा काळा रंग कुठे धुऊन जातो? महिनाभर राहतो. तिने माझे हात पाहिले, लेकराचे पांढरे कपडे पाहिले आणि तिला आत घेऊन गेली. हातांमुळेच नेलं की दुसऱ्या कशामुळे, हे मी रोज ठरवतो आणि बदलतो.

तुझे वडील परत येईपर्यंत मी थांबलो. त्यांनी मला पाहुण्यांच्या खोलीत झोपवलं, काही कमी केलं नाही. सकाळी मी म्हणालो, चुकून गेलेला निरोप मागे घेतो, माझा पाळणा मला परत द्या. तो कोठारात होता, मक्याची कणसं भरलेली. तुझ्या आईने कणसं काढली. मी तो पाठीला बांधला. नोरबुवीला घेऊ दिला नाही. रिकामा असला तरी वारा धरतो तो, पुलावर कडेला ओढत होता. पण पाठीवर ओझं असलं की चार पायांवर जाता येत नाही, म्हणून उभ्यानेच आलो.

त्यानंतर दर शुक्रवारी वर जातो. नान नेतो, अक्रोड नेतो. तुझी आई अंगणात गादी घालते, चहा देते. ओयदिनचा आवाज आतून येतो. आता ती खिदळते, रडण्यापेक्षा तेच जास्त ऐकू येतं. बघू का म्हटलं की तुझी आई म्हणते, “मुहय्योचा शब्द येऊ दे. लेकरू माझ्या भरवशावर ठेवून गेली आहे. पाळणा परत नेलात म्हणजे उद्या लेकरूही मागाल.” तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. माझ्यावर विसंबायचं तरी कशावरून?

मी तिला मागणार नाही, मुली. रीत काहीही असो, ती आजीकडे बरी आहे. इथे माझ्याकडे कोंबड्या आणि मी. तू कधी येशील तेही विचारत नाही, शोकिरबरोबर आहेस हे चांगलंच आहे. दोघांनी थंडीत डोकं झाकून फिरावं. मला फक्त तिच्याजवळ थोडा वेळ बसायचं आहे. धरू नाही दिलं तरी चालेल. ती मला ओळखत नाही, आणि मी दाराबाहेर बसलो तर ती ओळखायची कशी?

वरच्या कड्यावर काल पांढरं दिसलं. पहिलं बर्फ पडलं की उचचिनारचे लोक पुलाच्या फळ्या काढून ठेवतात, कुणी घसरू नये म्हणून. रस्त्याचा तर त्याच्या आधीच भरवसा नाही. मग वसंतापर्यंत मला वर जाता यायचं नाही, आणि तोवर ती चालायला लागेल.

म्हणून तुझ्या आईला एकच ओळ लिही, की म्हाताऱ्याला लेकराजवळ बसू द्या. मला वेगळं पत्र नको, वेळ नसेल तुला. तिलाच लिही. पण लवकर लिही, मुली. फळ्या निघायच्या आत ते पोचू दे.

तुझा दादा,
मामातकुल